ओर्स्कचा पूर, 'पुतिन, मदत करा' आणि रशियन माणूस सरळ वरच का बघतो?

उरलकाठची

बरेच दिवस लिहायचं म्हणून राहून जात होतं. परवा जुना फोन रिकामा करताना एप्रिल २०२४ चा एक व्हिडिओ परत समोर आला आणि मग रात्रभर तेच डोक्यात, म्हणून आज बसलेच. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

व्हिडिओ ओर्स्क शहराचा. रशियातला ओरेनबर्ग प्रांत, उरल नदी. ५ एप्रिलला तिथला बांध फुटला. तो साडेपाच मीटर पाण्याच्या हिशोबाने बांधलेला आणि नदी चढली नऊ मीटरच्या वर. हजारो घरं पाण्यात. ८ तारखेला लोक शहर प्रशासनाच्या इमारतीसमोर जमले. आधी ओरडले 'पझोर! पझोर!', म्हणजे शरम, शरम. आणि थोड्या वेळाने तीच माणसं, तोच आवाज, 'पुतिन, पामागी!' म्हणजे पुतिन, मदत करा. शरम वाटायला हवी समोरच्या इमारतीतल्यांना आणि मदत मागायची हजार-दीड हजार किलोमीटरवर मॉस्कोत बसलेल्या माणसाकडे. सरकारी वकिलांकडून तिथल्या तिथे बजावून झालं होतं की विनापरवाना जमाव जमवू नका.

मी ओरेनबर्गला मेडिकलला सहा वर्षं काढली, २०१३ ते २०१९. (पुढच्या काही दिवसांत तिथेही पाणी साडेअकरा मीटरच्या वर गेलं, माझ्या ओळखीचे रस्ते पाण्याखाली बघून पोटात कालवलं.) परत आल्यापासून दोन वाक्यं सतत ऐकतेय. एक म्हणजे 'रशियन लोक मुळातच गुलामी वृत्तीचे, त्यांना दट्ट्या लागतो' आणि दुसरं 'तिथे बघा कशी शिस्त, एक नेता आणि सगळे गप'. दोन्ही ऐकून चीड येते, कारण मी ज्यांच्यात राहिले ती माणसं गपही नव्हती आणि गुलाम तर अजिबातच नव्हती.

शेवटची तीन वर्षं आम्ही तिघी होस्टेल सोडून एका जुन्या पाचमजली इमारतीत भाड्याने राहत होतो. ख्रुश्चोवच्या काळातल्या, लिफ्ट नसलेल्या त्या इमारती, तिथे गेलेल्यांना माहीत असतील. शेजारी एक बाबुश्का (म्हणजे आजी), रेल्वेतून रिटायर झालेल्या. माझं रजिस्ट्रेशनचं काम एका ऑफिसच्या खिडकीवर अडलं होतं, (परदेशी माणूस आला की सात कामकाजी दिवसांत त्याची नोंद व्हावी लागते, ती घरमालकाने किंवा होस्टेलने करायची) तिथे तिसऱ्यांदा परत पाठवलं तेव्हा मी जिन्यात बसून रडत होते. खिडकीवर पाटी 'तांत्रिक विश्रांती', आतली बाई समोर बसून चहा पितेय आणि बाहेर आम्ही चाळीस जण उभे. बाबुश्कांनी विचारलं काय झालं, सांगितलं, तर म्हणाल्या रडून काय होतंय, लिही. आणि घरातून एक शाळकरी वही घेऊन आल्या.

त्या वहीने माझे डोळे उघडले. तीत त्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या प्रत्येक तक्रारीचा आवक नंबर, तारीख, कोणाला पाठवली, उत्तर कधी आलं, काय आलं, सगळं. तळघरात साचणारं पाणी, जिन्यातला दिवा, वाफेच्या पाइपची गळती, उन्हाळ्यात १४ दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवलेलं गरम पाणी. (मेन्टेनन्ससाठी दर उन्हाळ्यात गरम पाणी बंद करतात, नियमाने १४ दिवसच.) २००६ चा नागरिकांच्या अर्जांबद्दलचा कायदा त्यांना कलमासकट पाठ. अर्ज ३ दिवसांत नोंदवायचा, दुसऱ्या खात्याचा असेल तर ७ दिवसांत तिकडे पाठवायचा, ३० दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडेच ती तपासायला पाठवायची नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय.

तर तळघराच्या पाण्याची तक्रार त्यांनी इमारत सांभाळणाऱ्या कंपनीकडे केली, मग गृहनिर्माण तपासणी खात्याकडे, मग सरकारी वकिलाकडे आणि शेवटी थेट राष्ट्राध्यक्षांच्या वेबसाइटवर. तो अर्ज मॉस्कोहून प्रांताकडे, प्रांताकडून शहराकडे, शहराकडून खाली असं उतरत उतरत एक दिवस उत्तर आलं. उत्तर कोणाचं, तर त्याच कंपनीचं. 'पाहणी केली, दोष आढळला नाही.' अशा उत्तराला रशियनमध्ये खास शब्द आहे, ओत्पिस्का. नुसतं हात झटकायला लिहिलेलं उत्तर. प्रत्येक रशियन माणसाला हा शब्द येतो, लहान पोरांनासुद्धा.

मी विचारलं, मग वरपर्यंत लिहिता कशाला? त्यांनी बोट छताकडे केलं. 'व्लास्त' हा शब्द उच्चारताना तिकडे पुष्कळ जण असंच बोट वर करतात. व्लास्त म्हणजे सत्ता, सरकार, पण आपण जसं ग्रामपंचायत, कलेक्टर, मुंबई, दिल्ली असं वेगवेगळं म्हणतो तसं नाही, सगळं मिळून एकच. नगराध्यक्षापासून पोलिसापर्यंत आणि क्रेमलिनपर्यंत एकच व्लास्त, आणि ती वर असते. त्या म्हणाल्या, खालचे माझ्याकडे बघत नाहीत गं, ते वर बघतात. म्हणून मी पण वर लिहिते, म्हणजे कधीतरी वरून कोणी खाली बघितलं तर त्यांना भीती वाटेल.

हे वाक्य मला अजून सोडत नाही. पिकाल्योवोचं उदाहरण घ्या. लेनिनग्राद प्रांतातलं एका धंद्यावर जगणारं गाव, २००९ मध्ये तिथले कारखाने बंद पडले, पगार थकले, गरम पाणी बंद झालं. लोकांनी अर्ज विनंत्या करून बघितल्या, काही नाही. २ जूनला त्यांनी हायवे अडवला. ४ जूनला पुतिन (तेव्हा पंतप्रधान) स्वतः येऊन बसले, कारखान्याच्या मालकांपैकी एक अब्जाधीश देरिपास्का ह्याला टीव्ही कॅमेऱ्यांसमोर झापलं, करारावर सही करायला लावली आणि वर 'पेन परत द्या' म्हणाले. थकलेले ४ कोटी रुबल्सच्या वरचे पगार निघाले. सगळ्या देशाने बघितलं. पण कोर्ट, कामगार खातं, प्रांताचा गव्हर्नर, ह्यांच्यातलं कोणी ते काम करू शकलं नाही, हेही सगळ्या देशाने बघितलं. त्यातून पुढच्या गावाने काय शिकायचं? हेच की वरच्याची नजर पडेल असं काहीतरी करा.

माझं म्हणणं इतकंच की हा स्वभाव नाहीये. खाली दार ठोठावून उघडत नाही म्हणून माणूस वर ओरडतो, आणि तो वर ओरडतो म्हणून खालच्याला दार उघडायची गरजच उरत नाही. इथे रशियात राहिलेले, शिकलेले, वाचलेले पुष्कळ जण आहेत. तुमचं काय?

दफ्तरी

फार मनापासून लिहिलंय, धन्यवाद. थोडी इतिहासाची भर घालतो.

अर्जाला जुन्या रशियनमध्ये 'चेलोबित्नाया' म्हणत. चेलो म्हणजे कपाळ, बित म्हणजे आपटणे. अक्षरशः कपाळ जमिनीवर आपटून केलेली विनंती. मॉस्कोत त्यासाठी वेगळं खातंच होतं. १६४८ च्या जूनमध्ये झार अलेक्सेई त्रोइत्सा मठातून परतत असताना लोकांनी रस्त्यातच अर्ज द्यायचा प्रयत्न केला, तक्रार झारची नव्हती, त्याच्या अधिकाऱ्यांची होती. शिपायांनी चाबकाने हाकललं. त्यानंतर मॉस्को पेटलं आणि झारला आपला एक बडा अधिकारी, प्लेश्चेयेव, जमावाच्या हाती द्यावा लागला. १७६७ मध्ये कॅथरीन दुसरीने तर भूदासांनी (जमीनदाराच्या ताब्यातले शेतकरी) जमीनदाराविरुद्ध तिच्याकडे अर्ज करणं हाच गुन्हा ठरवला, शिक्षा फटके आणि सक्तमजुरी. म्हणजे वरचं दारही कायद्याने बंद. आणि तरी १९०५ मध्ये, नव्या कॅलेंडरने २२ जानेवारीला, पीटर्सबर्गचे कामगार बायकापोरांसह फादर गापोनच्या मागे देवाच्या तसबिरी आणि झारचं चित्र घेऊन हिवाळी राजवाड्याकडे निघाले, न्याय आणि संरक्षण मागायला. झार तर राजवाड्यात नव्हताच. सैन्याने गोळ्या घातल्या.

म्हणजे 'राजा चांगला, मधले वाईट' हा विश्वास तिथे शंभर वेळा तुटलाय आणि परत उगवलाय. त्यांची म्हणच आहे, देव फार उंच आणि झार फार लांब. आपलं 'मायबाप सरकार' आणि त्यांचं 'झार-बात्युश्का' (बात्युश्का म्हणजे बाबा) ह्यांतली भावना ओळखीची वाटते, पण रशियात मधे ग्रामसभेसारखं जे काही होतं, ती 'मीर', ती सुद्धा १८६१ मध्ये भूदासांची मुक्ती झाल्यावर जमिनीचे हप्ते वसूल करायला सरकारने वापरली. ते हप्ते १९०७ पर्यंत चालू होते.

आणि एक गोष्ट जी आपल्या चौल-जुन्नरशी जोडलेली आहे. त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात चौलला उतरला, पावसाळ्यात जुन्नरला अडकला, तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला होता, धर्म बदल तर परत देतो म्हणून. ह्या माणसाने आपल्या नोंदींमध्ये एक प्रार्थना लिहून ठेवलीय, की देव रशियन भूमीचं रक्षण करो, तिच्यासारखा देश जगात नाही, जरी तिथले सरदार न्यायी नसले तरी, तिथे न्याय नांदो. हे त्याने रशियनमध्ये लिहिलं नाही, तुर्की भाषेत लिहिलं. साडेपाचशे वर्षं होतील. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, मी दोनदा जाऊन आलोय आणि दोन्ही वेळा हेच वाक्य आठवून उभा राहिलोय.

निवृत्तयंत्र

दफ्तरी, निकितिनचं माहीत नव्हतं, अंगावर काटा आला.

मी १९८६-८७ ला ट्रेनिंगसाठी लेनिनग्राडला होतो, नऊ महिने. त्या वेळी शिकलेला पहिला उपयोगाचा शब्द 'दस्तात'. वस्तू विकत घेतली असं कोणी म्हणायचंच नाही, 'दस्तात केली' म्हणायचं, म्हणजे मिळवली, पैदा केली. दुकानात पैसे देऊन मिळेल ह्याचा भरवसा नसे म्हणून प्रत्येकाच्या खिशात जाळीची पिशवी असायची, 'आवोस्का', नावाचाच अर्थ 'मिळालंच तर'. आणि मिळायचं कसं तर 'ब्लात' ने, वशिला म्हणा, पण वशिल्यात जो लहानमोठेपणा असतो तो त्यात नव्हता, तुझा भाऊ औषधांच्या दुकानात, माझी मेहुणी थिएटरच्या तिकीट खिडकीवर, एकमेकांना सांभाळून घ्यायचं. शंभर रुबल नकोत, शंभर मित्र असू देत, ही म्हण मला माझ्या मुख्य मिस्त्रीने शिकवली. सरकारपासून वाचायचं साधन म्हणजे माणसं. मला वाटतं तिथल्या लोकांचा सरकारवर विश्वास नाही पण एकमेकांवर किती आहे हे बाहेरून कळत नाही. स्वयंपाकघरात बसून रात्री दोन दोन वाजेपर्यंत ज्या मोकळेपणाने ते बोलत, दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्याचा मागमूस नाही.

एकदा मी जेवताना सहज विचारलं होतं, इथे कधी संप झालेत का? टेबल गप्प झालं. त्याचं कारण मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं. दक्षिण रशियातलं नोवोचेर्कास्क शहर, जून १९६२. मांसाचे भाव ३० टक्के आणि लोण्याचे २५ टक्के वाढवले, त्याच सुमाराला रेल्वे इंजिनाच्या कारखान्यात कामाचे दरही कापलेले. कामगार विचारायला गेले तर डायरेक्टर म्हणाला, मांस परवडत नसेल तर लिव्हरच्या पुऱ्या खा (पिरोज्की, आपल्या करंजीसारखा प्रकार). दुसऱ्या दिवशी लोक लेनिनच्या तसबिरी घेऊन शहरात मोर्चाने गेले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. २६ जण गेले. पुढे ७ जणांना मृत्युदंड. प्रेतं वेगवेगळ्या गावांच्या कबरस्तानात गुपचूप पुरली, नातेवाइकांना जागा सांगितली नाही. पेरेस्त्रोइकापर्यंत, म्हणजे गोर्बाचेवच्या सुधारणांपर्यंत, छापील अक्षर नाही. दफ्तरींनी १९०५ च्या तसबिरींबद्दल लिहिलं ते वाचून मला ह्या तसबिरी आठवल्या. माणसं तीच चूक करत होती असं मी म्हणणार नाही, त्यांनी तेव्हाही आपल्या सरकारला आपलंच समजून जाब विचारला होता.

आणखी एक, पासपोर्ट. देशांतर्गत पासपोर्ट सोव्हिएतमध्ये १९३२ च्या शेवटी आला आणि त्यावर राहण्याच्या जागेचा शिक्का, 'प्रोपिस्का'. सामूहिक शेतीवरच्या शेतकऱ्यांना मात्र तो सरसकट मिळावा असा निर्णय व्हायला १९७४ उजाडलं. म्हणजे गाव सोडायचं तर चेअरमनकडे दाखला मागायचा. माझ्याबरोबर काम करणारी चाळिशीची माणसं अशा घरांतली होती.

तटस्थ_बघ्या

लेख चांगला आहे पण मला एकांगी वाटला, स्पष्ट सांगतो, राग नसावा. नव्वदचं दशक कुठे आहे ह्यात? तेव्हा तर निवडणुका होत्या, पेपर मोकळे होते, गव्हर्नर निवडून येत होते. आणि सामान्य माणसाला काय मिळालं? महिनोन् महिने पगार नाही, पेन्शन नाही, कारखान्यांनी पगाराऐवजी आपलाच माल वाटला. १९९८ च्या उन्हाळ्यात खाणकामगार मॉस्कोत सरकारी इमारतीजवळच्या पुलावर बसून दगडांवर हेल्मेट आपटत होते, त्याआधी त्यांनी रेल्वे अडवल्या होत्या. १७ ऑगस्टला सरकारने दिवाळं जाहीर केलं, रुबल कोसळला. ज्याच्या आईची साठवलेली पुंजी दोनदा बुडाली त्याला पेन्शन वेळेवर देणारं सरकार चांगलंच वाटणार. तो गुलाम नाही हे तुम्ही म्हणता ते मान्यच, पण त्याने विचार करून सौदा केला, आम्ही राजकारणात पडत नाही, तुम्ही आमचं घर चालू द्या. हा सौदा आपण इथे बसून कमी लेखू नये. आणि बातम्या पण आपल्यापर्यंत बहुतेक इंग्रजीतून येतात हे लक्षात ठेवावं.

उरलकाठची

राग कसला, हे यायलाच हवं होतं. बाबुश्का नव्वदबद्दल एकच सांगायच्या, की सात महिने पगार नव्हता आणि त्या बागेतल्या बटाट्यांवर जगल्या. पुतिनना मत का देता विचारलं तर हेच उत्तर. मी त्यावर वाद घातला नाही कधी, मला तो हक्कच नव्हता.

पण सौदा म्हणालात तर त्यात दोन बाजू लागतात ना? १४ जून २०१८ ला फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू झाला, आमच्या जुन्या होस्टेलसमोर मोठा स्क्रीन, सगळं शहर नाचतंय, आणि त्याच दिवशी सरकारने पेन्शनचं वय वाढवायचं जाहीर केलं, पुरुषांचं ६० वरून ६५ आणि बायकांचं ५५ वरून ६३. रशियन पुरुष किती जगतात हे आम्ही तेव्हा वॉर्डात रोज बघत होतो. आमचे प्रोफेसर लेक्चर थांबवून पाच मिनिटं नुसते खिडकीबाहेर बघत राहिले. ऑगस्टच्या शेवटी पुतिननी टीव्हीवर येऊन बायकांचं वय ६० केलं. परत तेच बघा, कडू औषध सरकारचं आणि साखर त्यांची. पण त्या वर्षी पहिल्यांदा बाबुश्का त्यांचं नाव घेऊन चिडलेल्या मी बघितल्या.

तटस्थ_बघ्या

हे मान्य. २००५ च्या जानेवारीतही असंच झालं होतं, म्हाताऱ्यांचा फुकट बसप्रवास वगैरे सवलती काढून हातात थोडे पैसे दिले तेव्हा मॉस्कोजवळच्या खिम्कीत पेन्शनर लोकांनी भर थंडीत हायवे अडवला होता, आणि सरकारला रक्कम वाढवावी लागली. सौदा मोडला की तिथले म्हातारे रस्त्यावर येतात, तरुणांच्या आधी.

सह्यकडा

फक्त विनवण्याच करतात असं चित्र होऊ नये म्हणून लिहितोय. मी कचऱ्याच्या प्रश्नावर काम करतो, त्यामुळे शियेस मला तोंडपाठ आहे. अर्खांगेल्स्क प्रांतातलं दलदलीतलं छोटं रेल्वे स्टेशन. २०१८ च्या उन्हाळ्यात जवळच्या उर्दोमा गावच्या लोकांना जंगलात शिकारीला गेल्यावर दिसलं की झाडं तोडून काहीतरी बांधकाम चाललंय. मॉस्कोचा कचरा हजारभर किलोमीटरवरून आगगाडीने आणून तिथे टाकायचा घाट होता, गावाला कोणी विचारलं नाही, सांगितलंसुद्धा नाही. लोकांनी तिथेच तळ ठोकला. उत्तरेकडचा हिवाळा, तंबू, पत्र्याच्या शेगड्या, पाळ्या लावून पहारा. घोषणा होती 'पमोर्ये ने पमोइका', आमचा पमोर्ये (तो उत्तरेचा मुलूख) म्हणजे उकिरडा नव्हे. गव्हर्नर ओर्लोव ह्यांनी २०१९ मध्ये विरोध करणाऱ्यांना 'शेलुपोन' म्हटलं, म्हणजे फालतू, भुरटी माणसं. लोकांनी तोच शब्द छातीवर लावून मिरवला. २०२० च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर गेले आणि त्याच वर्षी प्रकल्पही गेला.

येकातेरिनबुर्गचं पण तसंच. मे २०१९, थिएटरजवळच्या बागेत चर्च बांधायला कुंपण घातलं. लोक देवाच्या विरोधात नव्हते, त्यांना बाग हवी होती. रोज रात्री कुंपणाला हात धरून उभे, पोलिसांची धरपकड. मग पुतिन म्हणाले लोकांना विचारून बघा, सर्वेक्षण झालं तर ७४ टक्के म्हणाले ही जागा योग्य नाही. चर्च दुसरीकडे हललं. आता ह्यात बघा, शेवटी 'विचारून बघा' हे पण वरूनच यावं लागलं. त्याच्या एक वर्ष आधी त्या शहराने महापौर थेट निवडायचा हक्क गमावला होता. महापौर मतांवर अवलंबून असता तर त्याने बागेबद्दल आधीच विचारलं असतं असं मला वाटतं. गव्हर्नरांच्या निवडणुका पण २००४ नंतर बंदच केल्या होत्या, २०१२ मध्ये परत आल्या त्या उमेदवारांना चाळणी लावून. अतिपूर्वेकडच्या खाबारोव्स्कने २०१८ मध्ये त्या चाळणीतूनही आपल्या मनाचा गव्हर्नर, फुर्गाल, निवडला. जुलै २०२० मध्ये त्याला जुन्या खुनांच्या आरोपाखाली अटक करून मॉस्कोला नेलं. त्याच्यासाठी लोक महिनोन् महिने दर शनिवारी रस्त्यावर उतरत होते. त्याला २२ वर्षं लागली.

काजवा

मूळ लेखातलं 'खालचे वर बघतात' हे वाचून सायबेरियातलं केमेरोवो आठवलं. २५ मार्च २०१८, मॉलला आग, ६० मृत, त्यात ३७ मुलं. मी तेव्हा नुकती आई झाले होते, आठवडाभर जेवण गेलं नव्हतं. गव्हर्नर तुलेयेव, १९९७ पासून खुर्चीवर, त्यांनी माफी मागितली. कोणाची? पुतिनची. आमच्या प्रांतात असं घडलं म्हणून तुम्ही मला क्षमा करा, असं. मुलांचे आईबाप बाहेर चौकात उभे होते. एक उपगव्हर्नर तेवढे गर्दीसमोर गुडघ्यावर बसले. आगीनंतर आठवड्याने तुलेयेवनी राजीनामा दिला, पण ती माफी माझ्या मनातून गेली नाही.

मेट्रोवाली

मी मॉस्कोत राहते, नोकरी इथेच, घर इथेच. थोडंच लिहीन.

रोजच्या आयुष्यात सरकार इथे फार सोपं झालंय हे पण सांगायला हवं. मुलाचं बालवाडीचं नाव, डॉक्टरची वेळ, गाडीचे दंड, सगळं 'गोसउस्लुगी' (सरकारी सेवांचं पोर्टल) वर, फोनवर. कागद हवा असेल तर 'मोई दाकुमेंती' च्या केंद्रात टोकन घ्या, दहा मिनिटांत काम, बाई हसून बोलते. उरलकाठची ज्या खिडकीवर रडली तशी खिडकी मला मॉस्कोत भेटलीच नाही. म्हणून पहिल्यांदा मला तुमचं सगळं जुन्या काळातलं वाटलं होतं.

मग २१ सप्टेंबर २०२२, सैन्यासाठी ३ लाख लोकांची भरती जाहीर झाली. त्यानंतर एप्रिल २०२३ चा कायदा, की सैन्याचं बोलावणं आता हातात द्यावं लागत नाही, इलेक्ट्रॉनिक आलं की पोचलं असं धरायचं. तेव्हापासून देश सोडता येत नाही, २० दिवसांत हजर नाही झालात तर गाडी चालवणं बंद, कर्ज बंद, घर-जमिनीची नोंदणी बंद. ज्या अ‍ॅपवर मुलाची बालवाडी त्याच अ‍ॅपवर हे. आमच्या ऑफिसमधल्या कित्येकांनी तेव्हा अ‍ॅप उडवून टाकलं, मग डॉक्टरची वेळ मिळेना म्हणून परत घेतलं.

बाकी गोष्टींना इकडे म्हणतात 'हे फोनवर बोलायचं नाही'. हे वाक्य सोव्हिएत काळचं आहे, माझ्या सासूबाई म्हणायच्या, मधे मी कधी ऐकलं नव्हतं. आता माझा मुलगा म्हणतो.

लोक गप आहेत का विचाराल तर, मॉस्कोच्या लुब्यांका चौकात सोलोवेत्स्की दगड आहे, सोव्हिएत काळातल्या दडपशाहीत बळी गेलेल्यांचं स्मारक. विरोधी नेते नवाल्नी तुरुंगात वारले त्या २०२४ च्या फेब्रुवारीत मी तिकडून जात होते. उणे तापमान, लोक येत होते, फूल ठेवून न थांबता पुढे जात होते. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. माझ्या पुढे एक कॉलेजची मुलगी होती, तिने फूल ठेवलं आणि हातमोजा घालायचं विसरली, मेट्रोपर्यंत तसाच उघडा हात. एवढंच लिहिते.

निवृत्तयंत्र

मेट्रोवाली ताई, काळजी घ्या. नको वाटलं तर प्रतिसाद काढून टाकायला अ‍ॅडमिनना सांगा, कोणी काही म्हणणार नाही.

दफ्तरी

+१. आणि काजवा, तुमच्या प्रतिसादावरून मला चेलोबित्नायाची दुसरी बाजू सुचली. फक्त प्रजा कपाळ टेकत नव्हती, मोठमोठे सरदार झारला लिहिलेल्या अर्जात स्वतःला 'तुझा गुलाम' म्हणवून घेत आणि आपलं नाव मुद्दाम लहान करून, इवाश्का, बोरिस्का असं लिहीत. रांगेतला प्रत्येक जण वरच्यापुढे लहान, खालच्यापुढे मोठा. तिथली म्हण तर सगळ्यांना माहीत असेल, मी साहेब तर तू मूर्ख, तू साहेब तर मी मूर्ख.

उरलकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं भरभरून कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सह्यकडा, शियेसबद्दल बाबुश्कांना पण माहीत होतं, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातलं कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. बाहेरून नाही, आतून.

धागा काढल्यावर राहवेना म्हणून काल त्यांना व्हिडिओ कॉल केला. २०२४ च्या पुरात त्यांची इमारत वाचली, उंचावर आहे. ऐकायला कमी येतं आता. ओर्स्कच्या 'पुतिन, पामागी' बद्दल विचारलं, तुम्ही तिथे असता तर ओरडला असता का? थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ओरडले असते, आणि घरी येऊन लिहिलंही असतं. ओरडल्याला आवक नंबर मिळत नाही.

वही दाखवा म्हटलं तर दुसरी सुरू झालीय, निळ्या पुठ्ठ्याची. कॅमेरा जवळ नेऊन दाखवली. शेवटची नोंद गेल्या महिन्याची आहे, तळघरातल्या पाण्याची.